अल्फाचं आयडलिंग पुन्हा पुन्हा का बिघडतं: वेबरचे स्क्रू फिरवण्याआधी

लक्षणं अशी. गाडी सकाळी नीट सुरू होते, गरमही होते. मोकळ्या रस्त्यावर 3000 आरपीएमच्या वर इंजिन असं गातं की तक्रारीला जागाच नाही. सिग्नलला थांबून रेस सोडली आणि इंजिन नुसतं चालू राहिलं (हेच आयडलिंग) की मात्र रंग बदलतो. आरपीएमचा काटा 600 आणि 1100 च्या मध्ये झोके घेतो, बॉनेट थरथरतं, अधूनमधून कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ असा आवाज येतो. बंद पडू नये म्हणून रेस धरून ठेवावी लागते. मग कोणीतरी जाणकार मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगला पेट्रोलचं हवेशी प्रमाण ठरवणारा) फिरवतो, दोन्ही कार्ब बॅलन्स करतो, आयडलिंग घड्याळासारखं लागतं. काही आठवडे सुखात जातात आणि पुन्हा तेच.

अल्फा रोमिओच्या 105 सिरीजच्या जवळपास प्रत्येक मालकाने हा खेळ खेळलेला असतो. 1962 ची जुलिया सेडान, 1963 ची स्प्रिंट जीटी (बेर्तोनेमध्ये असताना तरुण जुजारोने काढलेली), जीटी ज्युनियर, 1750 आणि 2000 जीटीव्ही, डुएट्टो स्पायडर, या सगळ्या एकाच घराण्याच्या. 1290 सीसीपासून 1962 सीसीपर्यंत इंजिनाचा सांगाडा एकच: अॅल्युमिनियमचा ब्लॉक, आत ओले लायनर (भोवती थेट पाणी खेळणारी सिलिंडरची अस्तरं), वर चेनवर फिरणारे दोन कॅमशाफ्ट, आणि बहुतेकांवर बाजूला आडवे झोपलेले दोन जोड-बॅरल कार्बोरेटर (बॅरल म्हणजे कार्बमधली हवेची नळी). बहुतेक गाड्यांवर हे कार्ब वेबरचे, 40 डीसीओई मॉडेलचे.

वेबर हे बोलोन्याचं नाव. एदोआर्दो वेबरने 1923 मध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या कार्बवर अल्फा, फेरारी, मासेराटी, लॅन्चिया सगळ्या धावल्या. त्यामुळे गाडीने नखरे केले की संशयाची सुई आधी वेबरकडे वळते. माझं मत उलटं आहे. आयडलिंग एकदाच बिघडलं तर दोष कार्बमध्ये असू शकतो. पण सेट केलेलं आयडलिंग पुन्हा पुन्हा हलत असेल, तर कार्ब सहसा निर्दोष असतो. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार.

सेटिंग टिकत का नाही

कार्ब आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्या) यांच्या मध्ये अल्फाने रबराचे माउंट दिलेत. दोन बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, मध्ये त्यांना चिकटवलेलं जाड रबर, आणि त्यातून दोन बॅरलसाठी दोन भोकं. प्रत्येक कार्बला एक, असे गाडीला दोन. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाची एक बारीक थरथर कायम असते. ती थेट कार्बमध्ये शिरली तर फ्लोट चेंबरमधल्या (कार्बमधल्या छोट्या कुंडीतल्या) पेट्रोलला फेस येतो आणि जेटमध्ये (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकात) पेट्रोलऐवजी बुडबुडे जातात. रबर ही थरथर पितं, शिवाय इंजिनाची उष्णताही थोडी अडवतं. योजना चांगलीच आहे. फक्त ते रबर आडव्या कार्बचं आणि त्याला लावलेल्या एअरबॉक्सचं वजन वर्षानुवर्षं पेलत असतं. पेट्रोलची वाफ, तेल, उष्णता यांनी ते कडक होतं, आणि मग चिरतं.

चिरलेल्या जागेतून हवा आत ओढली जाते, त्या बॅरलचं मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आता इथे अल्फाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. आपल्या ओळखीच्या फियाट 1100 ला, म्हणजे पद्मिनीला, चार सिलिंडरमध्ये मिळून एकच कार्ब. तिथे गाडी एअर घ्यायला लागली की त्रास थोडाफार चारही सिलिंडरमध्ये वाटला जातो. अल्फात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं बॅरल आणि स्वतःची नळी. माउंटला एका कोपऱ्यात भेग पडली की एकच सिलिंडर उपाशी राहतो आणि बाकीचे तीन मजेत असतात. ऐकणाऱ्याला ते मिसिंग वाटतं, म्हणून लोक आधी प्लग बदलतात, मग वायरी, मग कॉइल.

पुढचा भाग जास्त फसवा आहे. ट्यूनिंग करणारा त्या बॅरलचा मिक्स्चर स्क्रू थोडा बाहेर काढतो. जादा पेट्रोल जादा हवेला जुळतं आणि इंजिन शांत होतं. भेग मात्र तिथेच असते. प्रत्येक धक्क्याने ती आणखी उघडते, हवा वाढते, कालचं सेटिंग आज पुरत नाही. मालकाला वाटतं, वेबर सेटिंग धरत नाहीत. खरं तर वेबरने सेटिंग नीट धरलेलं असतं. त्यांच्या पलीकडचं भोक मोठं झालेलं असतं.

आणि रस्त्यावर गाडी ठणठणीत का? आयडलिंगला बटरफ्लाय (बॅरलमधली हवेची वाट उघडणाऱ्या झडपा) जवळजवळ बंद असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम जोरदार असतो आणि भेगेतून हवा सपाटून आत येते. तुम्ही रेस दिली की बटरफ्लाय उघडतात, व्हॅक्युम पडतो, आणि मुख्य वाटेने येणाऱ्या एवढ्या हवेपुढे भेगेतली हवा नगण्य ठरते. म्हणून ‘वर चांगली, खाली वाईट’ हे लक्षण दिसलं की आधी माउंट पाहायचे.

भेग कशी शोधायची

आधी इंजिन बंद ठेवून हाताने. कार्बच्या बाहेरच्या टोकाला धरून हलकेच वर-खाली हलवा आणि रबराच्या कडेकडे बघा. कार्बचं वजन खाली ओढतं, म्हणून वरची कड आधी तपासा. खालच्या बाजूला छोटा आरसा आणि टॉर्च लागेल. वरवरचे केसासारखे तडे जुन्या रबरावर असतातच, त्यांनी घाबरायचं कारण नाही. हलवताना तडा तोंड उघडत असेल किंवा रबर स्टीलपासून सुटलेलं दिसत असेल, तर निकाल लागला.

दिसत काही नाही पण संशय आहे, अशा वेळी इंजिन आयडलला ठेवून पाण्याचा अगदी बारीक फवारा एकेका माउंटच्या कडेने मारा. पाणी आत ओढलं गेलं की त्या क्षणी इंजिन अडखळतं. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर वापरतात. त्याने आरपीएम चढतो किंवा सुधारतो आणि फरक स्पष्ट कळतो, पण गरम इंजिनाजवळ पेट घेणारा फवारा मारतोय याचं भान हवं. अग्निशामक हाताशी असल्याशिवाय आणि बंद गॅरेजमध्ये हा प्रयोग करू नका. फवारा कार्बच्या तोंडाकडे जाऊ द्यायचा नाही, नाहीतर खोटं उत्तर मिळतं.

कोणता सिलिंडर आळशी आहे हे आधीच माहीत असेल तर शोध सोपा होतो. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर हा स्वस्तातला सगळ्यात उपयोगी जिन्नस. थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांचं तापमान हेडच्या अगदी जवळ मोजा. एक नळी बाकीच्यांपेक्षा बरीच थंड लागली तर तो सिलिंडर काम करत नाही. इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असल्याने हात घालायला जागाही मिळते.

माउंट शाबूत निघाले तरी हवेच्या आणखी दोन वाटा राहतात. एक, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यातला गॅसकेट. तिथेही तोच फवारा. दुसरी वाट लोक विसरतात: ब्रेकचा सर्व्हो, म्हणजे व्हॅक्युमच्या जोरावर ब्रेकला मदत करणारा डबा. सर्व्हो असलेल्या गाड्यांत त्याची व्हॅक्युम नळी इनटेक मॅनिफोल्डवर येते. सर्व्होचा डायफ्राम फाटला की तो एक कायमचा हवेचा झरा. नळी मॅनिफोल्डजवळ चिमट्याने दाबून बंद करा. आयडलिंग सुधारलं तर चोर तिकडे आहे. चिमटा लावून गाडी रस्त्यावर न्यायची नाही, ब्रेकला प्रचंड जोर लागतो. ब्रेक ऑइल थोडं थोडं कमी होतंय, बाहेर गळती कुठेच नाही आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय, अशी तक्रार सोबत असेल तर सर्व्होच्या आतलं सील गेलंय आणि इंजिन ब्रेक ऑइल पितंय. मग आयडलिंगचा विषय बाजूला ठेवा, गाडी उभी करा आणि आधी ब्रेक.

माउंट बदलताना

जुन्या भेगेत सिलिकॉन भरायचा मोह होतो. पेट्रोलने सिलिकॉन फुगतं आणि सुटतं. सुटलेला तुकडा आत गेला तर नवीनच उपद्व्याप. माउंट बदलायचे, आणि दोन्ही एकदम.

नवे माउंट सहज मिळतात, पण सगळे सारखे नसतात. काहींचं रबर एका मोसमात स्टीलपासून सुटतं. घेतल्यावर लावण्याआधी स्टीलच्या दोन्ही बाजू सपाट काचेवर ठेवून पाहा, डुगडुगत असतील तर परत करा. रबराची भोकं मॅनिफोल्डच्या आणि कार्बच्या भोकांशी जुळतात का तेही पाहायचं. आत आलेली रबराची कड हवेचा प्रवाह बिघडवते आणि मग तो सिलिंडर कधीच बाकीच्यांशी जुळत नाही.

जुना गॅसकेट खरवडताना मॅनिफोल्डची नळी कापडाने बंद करा. नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. नुसता जोर लावून काही साधत नाही, उलट स्टीलची पट्टी वाकते.

आता ती गोष्ट, जी नसल्यामुळे नवे माउंटही लवकर जातात. कार्ब आणि एअरबॉक्सला खालून इंजिनाकडून आधार देणारी एक पट्टी कारखान्यातून येते. पन्नास-साठ वर्षांत कोणीतरी एअरबॉक्स काढून चकचकीत ट्रम्पेट (कार्बच्या तोंडावरचे उघडे कर्णे) लावलेले असतात आणि त्या भरात ती पट्टी भंगारात गेलेली असते. ट्रम्पेट दिसतात छान, आवाजही झकास, मला त्यांचं वावडं नाही. पण वजन पेलायला काहीतरी हवं. पट्टी नसेल तर मिळवा किंवा बनवून घ्या, आणि ती इंजिनालाच बांधा, बॉडीला नाही. इंजिन आपल्या फाउंडेशन रबरवर हलतं. बॉडीला बांधलेली पट्टी प्रत्येक गिअरला माउंट पिळत राहील.

फाउंडेशन रबरही बघून घ्या. ते बसलेले असले की इंजिन जास्त डोलतं आणि अॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जाते. या गाड्यांत पेडलपासून कार्बपर्यंत दांड्या आणि छोट्या बॉल जॉइंटची साखळी आहे. जॉइंट झिजले किंवा कोरडे पडले की बटरफ्लाय प्रत्येक वेळी एकाच जागी परत येत नाहीत. एका सिग्नलला 800, पुढच्याला 1200. हे ओळखायला जोडणीची दांडी काढा आणि बटरफ्लाय हाताने उघडून सोडा. दहा वेळा सोडल्यावर दहाही वेळा आवाज तोच आला तर कार्ब ठीक, साखळी दोषी.

हवेचा प्रश्न मिटला, तरी वेबर नंतर

क्रम मोडू नका. आधी टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट. फिलर गेजने गॅप मोजणं सोपं आहे, बदलणं मात्र जिकिरीचं, कारण शिम (गॅप ठरवणाऱ्या चकत्या) बकेटच्या (व्हॉल्व्हवरच्या टोपीच्या) खाली असतात आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उचलावे लागतात. म्हणून लोक मोजायचंही टाळतात. मोजा. मग चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्ब फिरवून काहीच हाती लागणार नाही.

मग करंट, म्हणजे इग्निशन. पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप, कंडेन्सर, आणि मुख्य म्हणजे डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट. बुश झिजला असेल तर पॉइंट प्रत्येक सिलिंडरला वेगळे उघडतात. टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण पाहा. अल्फाने पुलीवर तीन अक्षरं कोरलीत: पी म्हणजे टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर), एफ म्हणजे स्थिर अॅडव्हान्स (ठिणगी त्याआधी किती पडते ते), एम म्हणजे कमाल अॅडव्हान्स. आयडलिंगला खूण एका जागी स्थिर दिसायला हवी. ती नाचत असेल तर बुश किंवा पॉइंट. रेस सोडल्यावर खूण सावकाश परत येत असेल, तर आतली अॅडव्हान्सची वजनं अडकतायत किंवा स्प्रिंग ढिल्या पडल्यात. अशा गाडीचं आयडलिंग गरम झाल्यावर चढून बसतं. प्लगबद्दल एवढंच की मूळचे गोल्डन लॉज प्लग आज जपून ठेवण्याच्या भावात मिळतात. योग्य हीट रेंजचा साधा प्लग रोजच्या वापराला उत्तम चालतो.

त्यानंतर पेट्रोल. डीसीओईला साधारण 3 पीएसआय दाब आवडतो. जुना यांत्रिक पंप काढून कोणी इलेक्ट्रिक पंप लावला असेल आणि रेग्युलेटर नसेल, तर फ्लोटची सुई दाबापुढे हरते, पेट्रोल वर चढतं, आयडलिंग रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. फ्लोटची उंची मोजताना झाकण उभं धरा, सुईमधली छोटी स्प्रिंगची गोळी दबता कामा नये. पितळी फ्लोटला गॅसकेटपासून साधारण 8.5 मिमी. प्लॅस्टिक फ्लोटचा आकडा वेगळा असतो, तो आपल्या कार्बवर कोरलेल्या नंबरनुसारच घ्यायचा.

एकच जेट सारखा तुंबत असेल

माउंटच्या खालोखाल दुसरं आवर्ती दुखणं हे. आयडल जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गंजाचा एक कण पुरतो. वेबरची खुबी अशी की वरच्या गोल झाकणाचा एक स्क्रू सोडला की चारही जेट हाताशी येतात, कार्ब काढावा लागत नाही. संशयित बॅरलचा जेट शेजारच्याशी अदलाबदल करून पाहा. दोष जेटबरोबर सरकला तर जेट तुंबलाय. तिथेच राहिला तर आतली वाट किंवा पुन्हा हवा. जेट साफ करायला तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेचा झोत पुरे.

पण जेट परत परत तुंबतोय म्हणजे कचरा मागून येतोय. 105 ची टाकी स्टीलची, आणि वर्षातले बरेच महिने अर्धी रिकामी उभी असलेली. आत गंज धरतो. काचेची वाटी असलेला फिल्टर असेल तर ती वाटी उघडून बोट फिरवा. तांबूस गाळ लागला तर टाकी उतरवून साफ करण्याला पर्याय नाही. इथेनॉलमुळे यात भर पडलीय. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालं, भारतात तर आता ई20. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून पुढे ढकलतं आणि जुन्या रबरी नळ्या आतून फुगवतं, सोलतं. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी कापून पाहिली की आत काळा चिखल सापडतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या एकदा घालून टाका. इंग्लंडात जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल अजून ई5 मिळतं; हिवाळ्यात गाडी झाकून ठेवण्याआधी तेच भरलेलं बरं.

उन्हाळ्यातली एक तक्रार यात मिसळली जाते, ती वेगळी काढू. गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा सुरू होत नाही, सुरू झाली तरी अर्धा मिनिट कुंथते आणि मग ठीक. हा आयडलिंगचा दोष नाही. बंद इंजिनाच्या उष्णतेने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. पेडल पंप न करता पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. खंडाळ्याच्या घाटात फियाटच्या पंपावर ओलं फडकं टाकणाऱ्या पिढीला या रोगाचा चुलतभाऊ चांगला ठाऊक आहे. तिथे वाफेने पेट्रोल अडायचं, इथे ते जास्त होतं. फडक्याचा इथे उपयोग नाही.

आता वेबर

इंजिन पूर्ण गरम. चोकची केबल सैल आहे ना पाहा. ती ताणलेली असेल तर कार्बमधल्या चोकची पिस्टन किंचित उचललेली राहते आणि प्लग काळे होत राहतात. दोन कार्बमधली जोडणी मोकळी करा, दोन्हींचे बटरफ्लाय पूर्ण बंद होतात हे बघा, आणि सिंक्रोमीटरने चारही तोंडांची हवा मोजा. एकाच कार्बच्या दोन बॅरलमध्ये मोठा फरक असेल तर मधली स्पिंडल (बटरफ्लाय ज्या दांडीवर बसतात ती) पिळली गेलेली असू शकते. कोणीतरी अडकलेल्या जोडणीवर जोर केला की असं होतं. त्यावर स्क्रू फिरवणं हा इलाज नाही, स्पिंडल बदलावी लागते. नंतरच्या वेबरवर प्रत्येक बॅरलला हवेचा एक बायपास स्क्रू असतो, तो बारीक फरक भरून काढायला आहे. पिळलेली स्पिंडल झाकायला नाही.

मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने टेकवा आणि बाहेर काढा. जुन्या, जाड आट्यांच्या स्क्रूला अर्धा ते एक फेरा. नव्या, बारीक आट्यांच्याला दोनच्या पुढे. मग एकेक आत घ्या, इंजिन कुरकुरायला लागलं की तेवढंच बाहेर काढा जेवढ्याने ते पुन्हा गुळगुळीत होईल. चारही स्क्रू साधारण सारख्याच फेऱ्यांवर थांबायला हवेत. तिघे पाऊण फेऱ्यावर आणि एक दोनावर, अशी स्थिती आली तर पाना खाली ठेवा आणि त्या सिलिंडरच्या माउंटकडे परत जा. हा एक स्क्रू सगळं सांगतो, आणि ट्यूनिंग करून घेताना गॅरेजवाल्याला विचारायचा प्रश्नही हाच: चारही स्क्रू किती फेऱ्यांवर ठेवलेत? आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणता सरकलाय ते लगेच दिसेल.

नव्या माउंटवर काहीशे किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना नट पुन्हा तपासा, रबर आणि गॅसकेट थोडे बसतात. सोलेक्स किंवा डेल'ऑर्टो कार्ब असलेल्या गाड्यांना इथवरचं बहुतेक सगळं तसंच लागू आहे, फक्त जेट आणि फेऱ्यांचे आकडे वेगळे. अमेरिकेत गेलेल्या स्पिका इंजेक्शनच्या (कार्बऐवजी पंपाने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांना मात्र यातलं टॅपेट, कॉम्प्रेशन आणि करंट एवढंच घ्या; त्यांचा पंप उघडण्याआधी त्या कामातला माणूस शोधा.